लोकार्पण राहिलेली बोट

प्रिय दानू,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच नाही. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. हॉस्टेलात असताना सुट्टी लागली की आपण एकमेकींना पत्रं लिहायचो, तू गडहिंग्लजहून आणि मी बिद्रीहून. तुझ्या पत्रात निम्मा मजकूर तुझ्या आईच्या, अव्वांच्या हातच्या शेंगापोळ्यांचा असायचा आणि ते वाचून इकडे माझी आई माझ्यासाठी पोळ्या करायला बसायची. नंतर मीच तुला या वारणाकाठी आणून बसवलं. माझ्या सासरच्या गल्लीतलं सोमशेखर भावजींचं स्थळ मीच सुचवलं होतं, ‘दुकान आहे, माणूस गरीब आहे, आवाज चढवत नाही’ असं सांगून. एका गल्लीत घरं झाल्यावर पत्र लिहायची वेळच आली नाही. हे पत्र भावजींच्याच हाती देते आहे. उद्या ते गडहिंग्लजला तुझ्या माहेरी येतील. त्यांना बजावलंय, तिनं समोर बसून वाचल्याशिवाय चहाचा घोटही घ्यायचा नाही.

सोमवारच्या सुनावणीत द्यायचं तुझं उत्तर भावजींनी मला दाखवलं. बिचाऱ्यांना वाटलं, वाचून मला बरं वाटेल. ‘बोट स्वीकारताना माझ्याकडून हलगर्जीपणा झाला, सर्व जबाबदारी माझी आहे, मी सरपंचपदाचा राजीनामा देत आहे.’ वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. मेसच्या आमटीत अळी निघाली तेव्हा वाटी घेऊन थेट रेक्टरबाईंच्या खोलीत घुसणारी मुलगी तूच ना गं? ‘आधी तुम्ही खाऊन दाखवा’ असं म्हणाली होतीस, आणि मी दाराआड लपून ऐकत होते. आणि आज अळीची आमटी ज्यांनी वाढली, त्यांच्या वतीनं माफी मागायला तू निघालीस? मला राग आलाय. खूप जणांवर आलाय, त्यात तूही आहेस. तो मनात ठेवला तर मी आजारी पडेन, म्हणून सगळा इथे ओतणार आहे. तू मधे बोलू शकणार नाहीस, हा पत्राचा मोठाच फायदा.

चौकशीचा अहवाल मी वाचला. तूही वाचला असशील, पण तू मान खाली घालून वाचलास आणि मी डोळे फाडून. पुरासाठी सरकारनं आपल्या गावाला रबरी बोट दिली. ती ‘चालू स्थितीत मिळाली’ असं सरपंचांनी सहीनिशी लिहून दिलं, सबब पुरवठादाराची जबाबदारी तिथेच संपली. त्यानंतर ‘स्थानिक पातळीवर देखभालीचा अभाव’ होता. आणि पुढचं वाक्य तर चौकटीत लावून गावच्या वेशीवर टांगावं असं आहे. बोटीचं प्लास्टिकचं वेष्टण ‘लोकार्पणापूर्वी, विनापरवानगी’ काढण्यात आलं! पाणी गल्लीत शिरलं होतं, मळ्यात माणसं अडकली होती, आणि आपण वेष्टण काढायची परवानगी मागायला कुणाकडे जायचं होतं? हे वाक्य लिहिताना त्या माणसाचा हात एकदाही अडखळला नसेल का?

मार्चमधली ती दुपार तू विसरली असशील तर मी सांगते, कारण मी तिथेच होते, ग्रामपंचायतीच्या पायरीवर, बायकांच्या घोळक्यात. ट्रक आला, बोट उतरली, मशीन उतरलं, नारिंगी जाकिटांचे गठ्ठे उतरले. सगळ्या गावानं डोळे भरून पाहिलं. आधीच्या पुरात कितीतरी वेळ मदतीची वाट पाहिली होती ना आपण, त्यामुळे लोकांना ती बोट नव्हतीच, देवच उतरला होता. पुरवठादाराच्या माणसानं एका पिंपात पाणी भरून मशीनचा पंखा त्यात बुडवला आणि दोरी ओढली. धूर निघाला, आवाज झाला, टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यात तू म्हणालीस, “मशीनचं झालं. आता बोट पाण्यात घालून दाखवा. नदी काय लांब न्हाय.” एवढ्या गर्दीत हे फक्त तुला सुचलं, दानू. तो माणूस हसला आणि म्हणाला, “मॅडम, पाण्यात घालायला टाइम कुठं हाय? अजून पुढची गावं करायची हायत.” तू म्हणालीस, मग मी सही करत नाही. तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मार्च एंड, निधी परत जाईल, गाव मला ठेवेल का, असं त्यांचं सुरू झालं. तू कागद उलटापालटा करून पाहिलास, ‘पाण्यात उतरवून पाहिली नाही’ एवढं सहीखाली लिहू का म्हणून विचारलंस. शेरा लिहायला त्या छापील कागदावर जागाच ठेवली नव्हती. वर ‘प्रात्यक्षिक पाहिले’ हे आधीच छापून आलेलं होतं.

आता माझा नवरा आहे म्हणून झाकून ठेवत नाही. तुझे बाळासो दाजी तेव्हा पुढे आले. तरुण मंडळाचे अध्यक्ष ना ते! आणि काय म्हणाले? “सरपंच मेव्हणीबाई, आख्ख्या गावाची बोट हाय ही. नारळ फुटल्याबिगर पाण्यात घालायची न्हाय. साधी मोटरसायकल घेतली तरी आपण लिंबू ठेवल्याबिगर चाक हलवत न्हाय, हितं तर नदी हाय.” सगळ्या मंडळानं माना डोलावल्या. बायकांनीही डोलावल्या, खोटं कशाला सांगू, मीही डोलावली. आपल्याकडे नवीन वस्तूला पहिल्यांदा हात लावायचा तो पूजा करून, आणि सरकारी वस्तू असेल तर पाहुण्यांच्या हातून. तोवर ती कितीही गरजेची असली तरी झाकून ठेवायची. गंमत अशी की हाच माणूस रोज शिरोलीला फाउंड्रीत जायचा आणि घरी आल्यावर सांगायचा, आमच्याकडं एक कास्टिंग गेटबाहेर जायचं तर चारजण ठोकून बघत्यात, आवाज बद्द आला की भंगारात. लोखंडाच्या तुकड्याला ठोकून बघणारा माणूस बोटीपुढे मात्र हात जोडून उभा राहिला. शेवटी भावजी हळूच म्हणाले, “सही करून टाक की गं, सगळ्यांचं मत पडतंय.” आणि तू केलीस. एकटीला विरोधात उभं करून सगळ्या गावानं तुझ्याकडून करून घेतली ती सही. आता तेच गाव म्हणतं, बाईनं बघायला नको होतं व्हय?

आणि पुढे ते लोकार्पण! वरून कागद आला होता, पाहुण्यांच्या हस्ते लोकार्पण होईपर्यंत साहित्य सीलबंद ठेवावे. एप्रिलमधली तारीख ठरली, मांडववाल्याला सांगितलं, चौकात डिजिटल फलक लागला, त्यावर पाहुण्यांचा चेहरा बोटीपेक्षा मोठा. पाहुण्यांना मुंबईला जावं लागलं. मग मेमधली तारीख, तेव्हा पाहुण्यांच्या घरी लग्न. जूनमध्ये म्हणे आता पाऊसच सुरू होईल, तेव्हा नदीत पाणी असताना करू, फोटो चांगले येतील. हे ऐकून तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन केवढी भांडलीस! ‘अगं, फोटो चांगले यावेत म्हणून पुराची वाट बघतायत ही माणसं.’ तू दोनदा वर पत्र लिहिलंस की आम्हाला बोट वापरून बघू द्या. उत्तर आलं नाही. त्याची पोच तुझ्याकडे आहे, आणि तुझ्या त्या शहाण्या उत्तरात तिचा उल्लेखसुद्धा नाही. बेंदराला मंडळाच्या पोरांनी बैलांना रंगवलं, ट्रॅक्टरला झुली घातल्या आणि तुझ्या दाजींनी प्लास्टिकच्या वरूनच बोटीला हळदकुंकू वाहिलं. पुरणपोळीचा नैवेद्यही दाखवला. आपण दोघी हसलो होतो. तुझ्या फोनमध्ये तो फोटो असेल, बोटीसमोर हात जोडून उभे, टोपी तिरकी, गालाला गुलाल. तो फोटो मला पाठव. माझ्याकडे त्यांचा त्यानंतरचा एकही नाही.

पूर आला त्या दिवसाबद्दल तू आणि मी अजून एक शब्दही बोललेलो नाही. मळ्यातल्या धोंडुबाई म्हशीला सोडून यायला तयार नव्हत्या, हे तुला माहीत आहे, तूच त्यांना फोनवरून ओरडत होतीस. वेष्टण फाडलं ते यांनीच. नारळही फोडला, घाईघाईनं, दगडावर नाही तर ग्रामपंचायतीच्या पायरीवर, आणि म्हणाले, झालं लोकार्पण. पहिल्या खेपेला धोंडुबाईंना आणलं. म्हातारी काठावर उतरली ती म्हशीच्या नावानं हंबरडा फोडतच. मग हे परत फिरले. जाऊन दावं सोडायचं, दोरी बोटीला बांधायची, म्हैस मागून पोहत येते, आपल्याकडे पुरात असंच करतात. यांनी तसंच केलं. सगळं गाव काठावरून बघत होतं. मधे आल्यावर बोटीचा तळ जिथे चिकटवला होता तिथे उसवला, मशीन पाण्यात गेलं आणि बंद पडलं. बोट एका बाजूला झुकली आणि उलटली. म्हैस दोरी तोडून पोहत काठाला लागली. हे लागले नाहीत. पाणी उतरल्यावर खालच्या अंगाला उसात सापडले.

अहवालात याला काय म्हटलंय? ‘जनावर वाचविण्याच्या प्रयत्नात बुडून मृत्यू.’ म्हणजे दोष म्हशीचा. धोंडुबाई आजही रोज सकाळी त्याच म्हशीच्या दुधाची चरवी घेऊन माझ्या दारात येऊन बसतात. “माझ्या म्हशीपायी गेला गं लेकरू, मला न्ह्यायचं तर त्याला न्हेलं,” म्हणून रडतात. मी त्यांना रोज तेच सांगते की म्हशीनं काही केलं नाही, तुम्हीही काही केलं नाही. त्या माऊलीला वाटतं आपला अपराध आहे. तुला वाटतं तुझा आहे. ज्यांनी बोट विकली, ज्यांनी घेतली, ज्यांनी न बघता पैसे सोडले, त्यांच्यापैकी एकाला तरी असं वाटलेलं मला दिसलेलं नाही. अपराधी वाटून घ्यायचं कामसुद्धा आपल्याच गल्लीनं करायचं का?

आणि लोकांची जीभ! एवढा पट्टीचा पोहणारा, पुरात या थडीवरून त्या थडीला जाणारा माणूस बुडालाच कसा, असं सुरुवातीला सगळे हळहळून विचारायचे. मग कुणीतरी भोवऱ्याचं काढलं. मग कुणीतरी, नाव घेत नाही, पण तू ओळखशील, ‘घेतली असंल थोडी’ असं पारावर बसून म्हणालं. ज्या माणसानं आयुष्यात तपकीरसुद्धा ओढली नाही, त्याच्याबद्दल! मी त्या दिवशी पारापाशी जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांच्या तोंडावर विचारलं. तू असतीस तर माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली असतीस. पण तू तोवर गडहिंग्लजला निघून गेली होतीस, तेराव्याचं जेवणसुद्धा न जेवता.

मग घरी पाहुणे यायला लागले. मार्चपासून ज्यांना वेळ नव्हता ते पाहुणेही आले, चांगले पाच गाड्या घेऊन. मदतीचा धनादेश माझ्या हातात देताना फोटोवाल्यानं मला सांगितलं, वैनी, जरा इकडं बघा. मी बघितलं नाही. त्यांच्यातलेच दोघे नंतर पुन्हा आले, टाइप केलेला अर्ज घेऊन. माझ्या नावानं तक्रार तयारच होती. सरपंचांच्या निष्काळजीपणामुळे माझ्या पतीचा मृत्यू झाला, त्यांच्यावर कारवाई व्हावी. “वैनी, तुमचं केवढं नुकसान झालंय हे आमाला कळतंय. सई कुणाची? सरपंचबाईंची. मग जबाबदारी कुणाची? तुमी फकस्त हितं सही करा, बाकीचं आमी बगतो.” मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, बोट कुणी विकली त्याचं नाव या अर्जात कुठे आहे? ते म्हणाले, तो विषय येगळा हाय. मी म्हटलं, मग हा अर्जही वेगळ्याच बाईकडून सही करून घ्या. गावात उठवलंय तसं काही मी सही केलेली नाही, दानू. हे तुला कुणी सांगितलं असेल आणि तू विश्वास ठेवला असशील तर तो राग मी वेगळा ठेवला आहे, भेटल्यावर देईन.

त्यानंतर मी कोल्हापूरला खेटे घालायला लागले. आयुष्यात कधी सरकारी कचेरीची पायरी चढले नव्हते, आता तिथला चहावाला मला ओळखतो. एका टेबलावर म्हणाले, बाई, आम्ही फक्त पैसे दिले, खरेदी वरून झाली. वर गेले तर म्हणाले, मागणी खालून आली होती, आम्ही ती पुढे पाठवली. तपासणी कुणी केली? तपासणी गावानं केली, ही बघा सरपंचांची सही. म्हणजे एवढं मोठं कार्यालय, शिक्के, समित्या, तांत्रिक मंजुऱ्या, आणि सगळ्यांचा भार शेवटी कुणावर, तर ट्रकचं इंजिन चालू ठेवून घेतलेल्या तुझ्या एका सहीवर. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तेव्हा कुठे काही कागद हाती लागले. ही बोट विकणारी फर्म त्याआधी शाळांना सतरंज्या पुरवत होती. सतरंज्या! निविदेत एक अट होती, पुरवठादाराला जिल्ह्यातल्या सरकारी कामाचा अनुभव हवा, कसला ते लिहिलेलं नाही. बोटी बनवणारा कोकणातला एक माणूस त्या अटीपायी बाहेर पडला, कारण त्यानं आपल्या जिल्ह्यात कधी सतरंजी विकली नव्हती. हे मला समजावून सांगणारा कारकून हसत होता. त्याचाही दोष नाही, तो रोजच हे बघतो. मला मात्र हसू आलं नाही, मी त्याच्या टेबलावर हात आपटला आणि शिपाई धावत आला.

सगळ्यात वाईट कागद शेवटी मिळाला. त्याच फर्मला नवीन ऑर्डर निघाली आहे. नदीकाठच्या आणखी गावांना बोटी आणि जाकिटं द्यायची आहेत. फक्त आपल्या गावचं प्रकरण ‘निकाली’ निघायचं थांबलंय. ते निकाली निघालं की सही होणार. आणि ते निघणार कशानं? तुझ्या उत्तरानं. सरपंचांनी चूक मान्य केली, राजीनामा दिला, विषय संपला. तुला वाटतं तू प्रायश्चित्त घेते आहेस. तिकडे तुझ्या त्या कागदाची कुणीतरी वाट बघत बसलंय, निम्मा पेढा तोंडात धरून. भावजींना मी विचारलं, हे तिला माहीत आहे का? ते म्हणाले, ती काही ऐकूनच घेत नाही, अव्वांपाशी बसून नुसती भिंतीकडे बघते. म्हणून हे सगळं लिहावं लागलं.

पण एवढंच लिहायचं असतं तर मी भावजींबरोबर निरोप पाठवला असता. जे तोंडावर बोलता येणार नाही ते आता लिहिते. सही केलीस म्हणून तू गेलेली नाहीस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. यांनी दुसऱ्या खेपेला बोट ढकलली तेव्हा तू जाकीट घेऊन गुडघाभर पाण्यात धावत आलीस. ‘दाजी, हे घातल्याबिगर बोट हलवायची न्हाय, सरपंच म्हणून सांगते,’ असं म्हणालीस. ते हसले, ‘मला कशाला, मी काय दगड हाय बुडायला?’ म्हणाले. तेव्हा मी पुढे झाले, जाकीट त्यांच्या अंगात घातलं आणि पट्टा करकचून आवळला. ते म्हणाले, श्वास तर घेऊ दे की. मी म्हटलं, घट्टच बरा. उसात सापडले तेव्हा तो पट्टा कापावा लागला, पाण्यानं एवढा आवळला होता. अहवालात त्या जाकिटाचीही नोंद आहे, सुरक्षा साधने पुरवली होती याचा पुरावा म्हणून. परवा मी ग्रामपंचायतीच्या खोलीतून गठ्ठ्यातलंच दुसरं जाकीट काढलं आणि जनावरांच्या हौदात टाकलं. बघता बघता ते तळाला गेलं. धोंडुबाईंनी आणि मी मिळून ओढून वर काढलं तेव्हा पाणी प्यायलेल्या गादीइतकं जड झालं होतं. आत नुसता स्पंज भरलाय. तो माणूस जाकिटाशिवाय पोहून आला असता, दानू, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, आणि म्हणूनच आपण एकमेकींकडे बघू शकत नाही. पण तू आणलंस आणि मी आवळलं ते तो जगावा म्हणून. याची माफी मी कुणाकडे मागणार नाही आणि तुलाही मागू देणार नाही. तशीच जाकिटं आता दुसऱ्या गावांत जाणार आहेत. तिथेही नवऱ्याला हट्टानं ती घालायला लावणाऱ्या बायका आहेत. रविवारी पहिल्या एस.टी.नं, गठ्ठ्यातलं आणखी एक जाकीट घेऊन, मी गडहिंग्लजला येते. ते उत्तर फाडून टाक, कपडे भरून ठेव. सोमवारी सुनावणीला आपण दोघींनी जायचं आणि तिथे साहेबांपुढे बादलीभर पाणी मागायचं.

अव्वांना नमस्कार सांग.

अजून तुझीच, रागातसुद्धा तुझीच,
वर्षाराणी